सांभाळ खरा, पण नाते कागदावर नाही

केजमधल्या एखाद्या शिक्षकाने ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्यांचा दिव्यांग मुलगा वर्षानुवर्षे घरात सांभाळला, तरी आयकरात त्याला एका रुपयाची सवलत मिळत नाही. आयकर कायद्यात दिव्यांग अवलंबिताच्या सांभाळासाठी 75,000 रुपयांची, तीव्र दिव्यांगत्वाला 1,25,000 रुपयांची वजावट आहे. पण वैयक्तिक करदात्यासाठी ‘अवलंबित’ म्हणजे जोडीदार, मुले, आईवडील आणि भावंडे एवढेच. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. उलट, नात्याबाहेरच्या माणसाला वर्षात 50,000 रुपयांहून अधिक रक्कम दिली, तर ती सगळी त्याचे उत्पन्न धरली जाते. हे मला अन्यायाचे वाटते.

ही वजावट नात्याबाहेर दिली तर गैरवापर होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण अमेरिकेत नाते नसलेला घरातला माणूसही अवलंबित ठरतो: तो वर्षभर सोबत राहिलेला हवा, त्याचे 2024 चे उत्पन्न 5,050 डॉलरपेक्षा कमी हवे आणि निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही केलेला हवा. म्हणजे पुरावा मागता येतो. आपल्याकडेही दिव्यांगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतेच.

पण कायदा बदलत नाही तोवर विवरणपत्रात शेजाऱ्याचा मुलगा ‘स्वतःचा’ म्हणून दाखवू नका. चुकीची माहिती दिल्यास बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो.