शाळेचा कॅमेरा बदलावा का?



स्नेहसंमेलनाची छायाचित्रे यंदाही धूसर आली. मुलांचे चेहरे ओळखू येत नाहीत, ही आपली तक्रार रास्त आहे.

शाळेचा निकॉन डी-९० हा २००८ सालचा कॅमेरा. त्याचा सेन्सर सुमारे २४ × १६ मिलिमीटरचा. फुल फ्रेमचा ३६ × २४ असतो. काही पालकांनी फुल फ्रेम सुचवला. पण त्यावर आपल्या लहान सेन्सरसाठीच्या लेन्स लावल्या तर मधलाच भाग वापरात येतो, म्हणजे लेन्सचाही नवा खर्च. २०१७ साली आलेल्या डी-७५०० वर त्याच लेन्स चालतात आणि आयएसओ ३२०० ऐवजी ५१,२०० पर्यंत जातो. बॅटरी मात्र वेगळी लागते.

तरीही आधी लेन्सचा विचार करावा. झूम पूर्ण लांबवल्यावर आपली लेन्स एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची ५० मिलिमीटर लेन्स नऊपटीहून अधिक प्रकाश घेते, आणि ती दोन्ही कॅमेऱ्यांवर चालते.

म्हणून विश्वस्त मंडळास विनंती, की यंदा लेन्स घ्यावी, कॅमेरा पुढे पाहू. यंदा दहावीत असलेली मुले पुढच्या संमेलनात मंचावर नसतील.

– प्राचार्य