चित्र छान आहे, पण हात वर होतो का?

साहित्याच्या वर्गात आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं गेलं की 'आवडलं' म्हणजे समीक्षा नव्हे. का आवडलं, कोणत्या निकषावर, हे सांगता आलं पाहिजे. हे मला खरं समजलं ते मात्र वर्गात नाही, बेळगावात कॅम्पमधल्या माझ्या मावशीच्या शिलाईच्या दुकानात.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. मुलीचं लग्न चर्चमध्ये होतं आणि आईसाठी लांब गाऊन हवा होता. त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला: मरून रंग, मागे चेन, चिकटून बसणाऱ्या बाह्या. फोटो पाहूनच मी म्हटलं, "मस्त आहे!" मावशी काही बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, "ताई, दोन्ही हात वर करून दाखवा बघू."

डावा हात खांद्याच्या वर जाईना. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. त्यांची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. हाताला सूज येते, डॉक्टरांनी त्या हाताला घट्ट काही घालू नका म्हणून सांगितलंय.

त्या संध्याकाळी मावशीने मला डिझाइन पारखायची रीत शिकवली. पहिली पायरी म्हणजे अटी आणि पसंती वेगळ्या करायच्या. अट म्हणजे जिच्याशिवाय कपडा निकामी. इथे अटी चार होत्या: स्वतःच्या हाताने घालता आला पाहिजे, डावी बाही सैल हवी, आतून कृत्रिम स्तन बसवायला सुती कप्पा हवा आणि वाकल्यावर गळा उघडा पडता कामा नये. रंग, घेर, लेस या सगळ्या पसंती. पसंतीला गुण द्यायचे, अटीला नाही. अटीत फक्त पास किंवा नापास. नाहीतर काय होतं, दिसण्यात भरपूर गुण मिळवून एखादं डिझाइन पहिलं येतं आणि घालणाऱ्याला ते अंगावर चढवताच येत नाही.

मग तीन आराखडे काढले. पहिला फोटोतल्यासारखा. तो दोन अटींत नापास झाला, कारण मागची चेन त्यांच्या हाताला लागणार नव्हती आणि बाही घट्ट होती. दुसरा ढगळ, पुढे बटणं असलेला. तो चारही अटींत पास! मला वाटलं, झालं काम. पण बाई बघून म्हणाल्या, "हे घालून मी आजारीच दिसेन की." पाचवी अट आम्ही लिहिलीच नव्हती. गिऱ्हाइकाची गरज फक्त शरीराची नसते. तिसऱ्या आराखड्यात पुढच्या चुण्यांखाली लपलेले हूक, बंद गळा, कोपरापर्यंत मोकळी बाही आणि खाली भरपूर घेर होता. तो ठरला.

पण कागदावर पास म्हणजे अंगावर पास नव्हे. मावशीने आधी मांजरपाटाचा कच्चा गाऊन शिवला. माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात सूज वाढते. बाईंना बसायला, गुडघे टेकायला, क्रूसाची खूण करायला, मला मिठी मारायला लावलं. हात जेमतेम उचलला तर अख्खा गाऊन वर सरकला. मी म्हटलं, मुंढा आणखी खोल कापू. मावशी हसली. मुंढा जितका खोल, तितकी बाही हात उचलताना कपड्याला ओढते, हे मला नवीनच होतं. मुंढा वर घेतला तर हात मोकळा होतो, पण इथे शिवण व्रणावर घासली असती. म्हणून तिने जुन्या सदऱ्यांना असतो तसा काखेत चौकोनी तुकडा जोडला आणि शिवण व्रणापासून बाजूला नेली.

यानंतर धंद्याची मानकं. गिऱ्हाईक ती मागत नाही, कारण त्याला ती माहीत नसतात. म्हणून ती पाळणं ही शिवणाऱ्याची जबाबदारी. शिवणीत इंचाला साधारण १० ते १२ टाके हवेत. कमी पडले तर शिवण उसवते, फार झाले तर नाजूक कापड भोकांच्या रेषेवर फाटतं. सुती अस्तर कापण्याआधी धुवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. आत शिवणीला माया जास्त सोडायची, म्हणजे सूज वाढली तर बाही उसवून सैल करता येते.

आणि रंगाचा पक्केपणा. कारखान्यात पांढरं सुती कापड कोरडं आणि ओलं करून रंगीत कापडावर ठराविक दाबाने घासतात. आयएसओ १०५-एक्स१२ हे त्याचं मानक. किती रंग उतरला ते करड्या पट्टीवर १ ते ५ मध्ये मोजतात, ५ म्हणजे सगळ्यात पक्का. दुकानात यंत्र नाही, तेव्हा मावशीने ओला पांढरा रुमाल घेऊन घासला. रुमालावर गुलाबी डाग उमटला. कापड सुंदर होतं, मी म्हटलं, चालेल ना. ती म्हणाली, "लग्नात आई मुलीला मिठी मारणार. मुलीचा गाऊन कुठल्या रंगाचा?"

पांढरा. कापड परत गेलं. दुसरं मरून क्रेप आणलं, पुन्हा रुमाल घासला, तो पांढराच राहिला.

यातून मी माझ्यासाठी एक क्रम लिहून ठेवलाय: आधी अटी, मग पसंती, मग कच्चा कपडा घालून हालचाल, मग मानकं. पुढच्या महिन्यात आपल्या नाटकाचे पोशाख ठरतील. चित्रं बघून हात वर करायच्या आधी विचारू या, हे कोण घालणार, घालून काय करणार, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये ते बदलायला किती वेळ मिळणार?

लग्नाच्या दिवशी सकाळी मावशीला बाईंचा फोन आला होता. बोलणं फार झालं नाही. एवढंच म्हणाल्या, "सगळे हूक मीच लावले."