हाडांचे दुखणे आणि विलायतेतले ऊन

ऑक्टोबर लागला की इथल्या मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. कंबर धरली आहे, मांड्या भरून आल्या आहेत, जिना चढवत नाही. ऐकणारा लगेच म्हणतो, "वात असेल, थंडी आहे ना!" मग गावाहून आणलेले नारायण तेल कोमट होते, गरम पाण्याची पिशवी निघते आणि दोन पॅरासिटामॉल घेऊन माणूस कामावर जातो. आम्हीही हेच करीत आलो.

आमच्याच घरातील वहिनींनी अशी चार वर्षे काढली. दुखणे सांध्यात नव्हते. कुल्ले, बरगड्या, मांड्या, सारे आतून ठणके. देवापुढे खाली बसल्या की टेबलाचा पाय धरल्याशिवाय उठता येत नसे. चाल बदकासारखी झाली. कोणी म्हणाले वजन, कोणी म्हणाले वय, आणि एका डॉक्टरांनी तर मन रमवा असा सल्ला दिला. शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला, वहिनी कळवळल्या, आणि रक्त तपासायला गेले. जीवनसत्त्व 'ड' जवळजवळ नव्हतेच.

या विकाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. साध्या भाषेत, हाडे मऊ पडणे. हाड आधी मऊ सांगाडा घालते आणि मग त्यात कॅल्शियम भरून तो कठीण होतो. 'ड' नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही, सांगाडा मऊच राहतो आणि ठणकतो. सोबत मांड्यांचे, कुल्ल्यांचे स्नायूही दुबळे होतात.

वाचकहो, हे आपल्याच माणसांना का होते? मुंबई १९ अंश अक्षांशावर, लंडन ५१ वर. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हात 'ड' बनविणारे किरण जवळजवळ नसतात. सावळ्या कातडीला तेवढ्याच 'ड'साठी ऊन जास्त वेळ लागते आणि आपण तर अंग झाकून, काचेआड बसतो. काचेतून ऊब येते, ते किरण येत नाहीत. ही गोष्ट नवीन मुळीच नाही. ग्लासगोतील डॉक्टरांनी १९६२ सालीच आशियाई कुटुंबांत मुलांचा मुडदूस आणि मोठ्यांची मऊ हाडे नोंदविली होती, आणि १९८१ साली त्यासाठी देशभर 'स्टॉप रिकेट्स' मोहीम निघाली. त्या काळी कोंड्याच्या पोळीलाही पुष्कळ दोष दिला गेला. कोंड्यातील फायटेट कॅल्शियम अडवून धरते हे खरे, पण पोळी सोडा असे आम्ही म्हणणार नाही. उणीव उन्हाची आहे, पोळीची नव्हे.

जेवणातून भरपाई थोडीच होते. बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक यांत 'ड' असते. इथल्या साध्या दुधात ते सहसा घातलेले नसते. म्हणून सरकारी आरोग्यखात्याचा सल्ला असा की हिवाळ्यात सर्वांनी, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी बारा महिने, रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करावा. शाकाहारी मंडळींनी डबी वाचून घ्यावी. 'ड-३' बहुधा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून करतात, पण दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेलेही मिळते.

आता एक कळकळीची सूचना. पुण्यामुंबईहून येणाऱ्यांच्या सामानात ६०,००० युनिटच्या पुड्या असतात. ही आठवड्याची मात्रा आहे, तीही ठराविक आठवड्यांची, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर. मोठ्या माणसाने स्वतःहून दिवसाला ४,००० युनिटच्या पुढे जाऊ नये. ती पुडी रोज घेणारा त्याच्या पंधरापट घेतो. रक्तात कॅल्शियम चढते, मळमळ, तहान, गोंधळ सुरू होतो, मूत्रपिंडे बिघडतात. तिकडच्या आणि इथल्या तपासणीचे आकडेही निरनिराळ्या मापात असतात: पुण्याच्या कागदावरचे १२ आणि इथल्या कागदावरचे ३० ही एकच पातळी. उगाच घाबरू नका, उगाच खूषही होऊ नका.

सगळेच दुखणे 'ड'चे नसते, हेही खरे. जिना उतरताना गुडघा दुखतो, आखडतो, कुरकुर वाजतो, तो बहुधा झिजेचा. त्यावर पहिला उपाय व्यायामच: खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणे, रोज चालणे. सुरुवातीला थोडे दुखेल, त्याने गुडघा आणखी झिजत नाही. बोटांचे सांधे सुजून सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेले राहिले, तर ते संधिवाताचे लक्षण असू शकते. तिथे उशीर नको. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर तडक इस्पितळ गाठावे.

वहिनींना औषध सुरू झाल्यावर गुण यायला काही महिने लागले. पुढच्या गणपतीत मात्र त्या आरतीनंतर टेबल न धरता उठल्या.

डॉक्टरांकडे जाताना "अंग दुखते" एवढ्यावर थांबू नका. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात का, जिना किती पायऱ्यांवर थांबवतो, दाबल्यावर हाड दुखते का, हे सांगा. आईवडिलांना इंग्रजी जड जात असेल तर वेळ ठरवितानाच दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. आणि भाषा विचारली तर हिंदी म्हणू नका, मराठी म्हणा.