उघड्या बाटलीचे गणित

सोलापूरच्या अनेक मध्यमवर्गीय घरांतील मुले आज परदेशी नोकरी करतात. सुटीवर येताना विमानतळावरील करमुक्त दुकानातून एखादी बाटली आणण्याचा प्रघात आता नवा राहिलेला नाही. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. त्यात अमेरिकेहून येणाऱ्यांच्या सामानात बहुधा बर्बन असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणल्याने या व्हिस्कीचे नाव इथल्या दुकानांतही अधिक ऐकू येऊ लागले. अशा बाटल्या कपाटात जमत जातात. कोणी पाहुणा आला की एक उघडली जाते, पुढच्या दिवाळीत दुसरी. काही वर्षांनी कपाटात सात-आठ अर्ध्यामुर्ध्या बाटल्या उभ्या दिसतात आणि प्रश्न पडतो, की या टिकतील किती दिवस आणि संपवायच्या कशा?

बर्बन म्हणजे काय?

बर्बन ही अमेरिकेत तयार होणारी व्हिस्की आहे. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून तिला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवले. तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. ती नव्या आणि आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. बाटलीत भरताना अल्कोहोलचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो हे इथल्या वाचकाला सांगायला नको, आणि आपल्याकडील अनेक स्वस्त व्हिस्कींचा पाया हा मळीचा मद्यार्कच असतो. बर्बनची चव मात्र मका आणि जळलेले लाकूड यांतून येते. व्हॅनिला, कारमेल यांची आठवण करून देणारा तिचा गंध प्रामुख्याने त्या पिंपाची देणगी आहे.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, व्हिस्की मुरते ती पिंपात. बाटलीत भरल्यावर तिचे मुरणे थांबते. त्यामुळे दहा वर्षे कपाटात ठेवलेली बाटली दहा वर्षांनी अधिक जुनी व्हिस्की होत नाही. सीलबंद असेपर्यंत ती जवळपास आहे तशी राहते. बदल सुरू होतो तो बूच उघडल्यापासून.

उघडल्यावर काय घडते?

अल्कोहोलचे प्रमाण भरपूर असल्याने बर्बन दुधासारखी नासत नाही आणि तिला बुरशीही येत नाही. तिचे नुकसान होते ते चवीचे. त्याची कारणे दोन. पहिले म्हणजे हवेतील प्राणवायूशी होणारी संथ प्रक्रिया आणि दुसरे म्हणजे गंध देणाऱ्या हलक्या घटकांचे उडून जाणे. बाटली जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत २५० मिलिलिटर व्हिस्की उरली असेल, तर वरच्या जागेत सुमारे ५०० मिलिलिटर हवा असते आणि त्यातील १०० मिलिलिटरहून अधिक प्राणवायू असतो. भरलेल्या बाटलीत ही हवा नाममात्र असते. म्हणूनच तळाशी आलेली बाटली आधी फिकी पडते. निम्मी भरलेली बाटली वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चांगली लागते आणि तळाशी आलेली काही महिन्यांतच उतरणीला लागते, असा शौकिनांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

बर्फ घातल्यावर व्हिस्की धूसर दिसली, तर ती खराब झाली असे मात्र समजू नये. थंडीने तिच्यातील तेलकट घटक गोठल्यासारखे होतात, एवढेच. पाण्याचे प्रमाण वाढल्यानेही असे होते आणि त्यापासून अपाय नसतो.

सोलापूरचा उन्हाळा

थंड प्रदेशातील सल्ले इथे तसेच्या तसे चालत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. दिवसा ४२ अंश आणि रात्री २५ अंश असे तापमान असेल, तर बाटलीतील ५०० मिलिलिटर हवा दिवसा निदान २८ मिलिलिटरने फुगते. बूच घट्ट नसेल तर तेवढी हवा सुगंधासह बाहेर पडते आणि रात्री नवी हवा आत शिरते. जणू बाटली रोज एक श्वास घेते. वरून थेट ऊन लागले तर रंग आणि गंध दोन्ही मंदावतात. दाखवण्यासाठी खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या बाटल्यांचे हेच होते.

यावर उपाय साधा आहे. पश्चिमेच्या भिंतीपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर असलेल्या अंधाऱ्या कपाटात बाटल्या उभ्या ठेवाव्यात. वाइन आडवी ठेवतात, कारण तिचे बूच ओले राहावे लागते. व्हिस्कीतील तीव्र अल्कोहोल बूच कुजवते, म्हणून ती उभीच ठेवावी. चाळीस टक्के अल्कोहोलच्या मद्याची वाफ सुमारे २६ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात घर त्याहून गरम असते. त्यामुळे गॅसची शेगडी किंवा देवघरातील समई जवळ असता कामा नये.

कोणती आधी, कोणती नंतर?

संपवण्याचा क्रम बाटलीच्या किमतीवरून ठरवू नये, तिच्यातील रिकाम्या जागेवरून ठरवावा. जी सर्वांत रिकामी आहे, ती आधी. समान पातळीच्या बाटल्यांत कमी तीव्रतेची आधी घ्यावी. पन्नास टक्क्यांच्या आसपासची बर्बन अधिक धीर धरते.

एक घरगुती युक्तीही उपयोगी पडते. उरलेली व्हिस्की १८० मिलिलिटरच्या, म्हणजे क्वार्टरच्या, स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावी आणि घट्ट झाकण लावावे. आत हवाच कमी राहिल्याने बदलाचा वेग मंदावतो. त्यावर नाव आणि तारीख लिहावी आणि मूळ बाटली तसेच बिल जपून ठेवावे. काही शौकीन शिल्लक राहिलेले घोट एका बाटलीत एकत्र करून स्वतःचे मिश्रण बनवतात. चव जुळते की नाही, हे आधी पेल्यात थोडे मिसळून पाहावे. सगळे ओतल्यावर पश्चात्तापाला अर्थ राहत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यामुळे मद्य बाळगणे वा पिणे यासाठी परवाना लागतो. व्हिस्कीसारख्या तीव्र मद्यासाठी त्याचे किमान वय २५ वर्षे आहे. परवानाधारकाजवळच्या साठ्यालाही १२ युनिटांची मर्यादा आहे. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो. तो घराचा नसतो, तसा वारसाहक्कानेही मिळत नाही. वडिलांचा संग्रह त्यांच्या पश्चात मुलांकडे आला, तर परवाना मुलांनाच काढावा लागतो. पाहुण्यांनाही हाच नियम लागू होतो.

घाई कुणाची?

आता खरे गणित. आठ बाटल्यांत प्रत्येकी एक तृतीयांश मद्य उरले असेल, तर ते एकूण दोन लिटर होते. ३० मिलिलिटरचे ते सुमारे ६६ लहान पेग झाले. ४० टक्क्यांच्या एका लहान पेगमध्ये साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, ५० टक्क्यांच्या पेगमध्ये जवळपास १२ ग्रॅम. आठवड्यातून एकदा दोन लहान पेग घेणाऱ्याला हा साठा संपवायला तेहतीस आठवडे लागतील. ‘वाया जाऊ नये’ म्हणून तो तीन आठवड्यांत संपवायचे ठरवले, तर रोज तीन पेग पोटात जातील. चव उतरलेली व्हिस्की फक्त फिकी लागते, पण घाईने घेतलेली व्हिस्की शरीरावर जखम करते. अल्कोहोल कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दिला आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सुरक्षित असे प्रमाण नसल्याचे स्पष्ट केले. म्हणून फिकी पडलेली बाटली मोरीत ओतावी लागली, तरी त्यात नुकसान पैशाचेच आहे.

यापुढे एकावेळी दोनच बाटल्या उघड्या ठेवाव्यात आणि तिसरी उघडण्यापूर्वी त्यातील एक संपू द्यावी, एवढा एक नियम पाळला तरी कपाट पुन्हा तुंबणार नाही.

रिकाम्या बाटलीची विल्हेवाटही तितकीच काळजीने लावावी. महागड्या बाटल्या जशाच्या तशा भंगारात गेल्या, की त्यात बनावट मद्य भरून विकण्याचा धोका असतो. लेबल फाडून आणि झाकण निकामी करूनच बाटली भंगारवाल्याकडे द्यावी. परदेशाहून प्रेमाने आलेली भेटवस्तू कुणाच्या जिवावर उठू नये, एवढी खबरदारी तिच्या मालकाने घ्यायलाच हवी.