म्हाताऱ्या मांजराचा रिपोर्ट वाचताना

मांजराच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण आधी ठळक छापलेला ‘एच’ शोधतात. तो दिसला की काळजी, नाही दिसला की सुटकेचा निःश्वास. वय झालेल्या मांजराच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी फसव्या ठरू शकतात.

मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लॅब माणसांची, पण आसपासचे जनावरांचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांची सॅम्पलंही आमच्याकडे पाठवतात. घरी माझी तेरा वर्षांची मनी आहे. त्यामुळे असे रिपोर्ट मी तयारही करते आणि धाकधुकीनं वाचतेही.

सर्वांत आधी बघायचं ते हे, की शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा कोणाची आहे? माणसाचं क्रिएटिनिन 1.3च्या आसपास गेलं की ‘एच’ लागतो. निरोगी मांजराचं ते 1.5 असू शकतं. प्लेटलेटचंही तसंच. मांजराच्या लाल पेशी माणसाच्या पेशींहून लहान, प्लेटलेट मात्र मोठ्या, आणि त्या पटकन एकमेकींना चिकटतात. मशीनची मोजणी चुकते आणि आकडा धडकी भरण्याइतका खाली येतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मर्यादा मांजरांचीच असली तरी ती साधारणपणे निरोगी मांजरांपैकी 95 टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे वीस धडधाकट मांजरांतलं एखादं बाहेर पडणारच.

उतारवयात खरं लक्ष द्यायचं ते किडनीकडे. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. पण किडनीची राखीव ताकद मोठी असते. तिचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत हा आकडा मर्यादेत राहू शकतो. शिवाय म्हातारं मांजर वाळतं, स्नायू झडतात, आणि किडनी बिघडूनही क्रिएटिनिन बेताचंच दिसतं. म्हणून आता एसडीएमए ही तपासणी सुचवतात. तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. ती सतत 14च्या वर येत असेल तर डॉक्टर सावध होतात. युरिया मात्र अंगातलं पाणी कमी झालं, मांसाहार जास्त झाला किंवा आतड्यात रक्तस्राव झाला तरी वाढतो.

इथे लघवीची तपासणी कामाला येते. रक्तावरून कचरा किती साठलाय ते कळतं. किडनी पाणी राखू शकते का, हे लघवीच सांगते. ती मोजायची स्पेसिफिक ग्रॅव्हिटीनं, म्हणजे लघवी किती दाट आहे यावरून. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळा, खाली पांढरा भाग दिसतो. त्यांच्यामधली रेघ पट्टीवर जिथे थांबते तो आकडा. निरोगी मांजराचा तो सहसा 1.035च्या वर असतो. 1.008 ते 1.012च्या आसपास आला, तर किडनीनं लघवी दाट करणं सोडलंय. युरिया वाढलेला आणि लघवी 1.050 असेल, तर मांजराला पाणी कमी पडलंय, एवढाच अर्थ असू शकतो. तोच युरिया आणि लघवी 1.015 असेल, तर बोट किडनीकडे जातं.

मनीचंच सांगते. गेल्या वर्षी क्रिएटिनिन 1.1, यंदा 1.5. कुठेही ‘एच’ नाही. पण वजन 4.2 किलोवरून 3.7वर आलेलं आणि लघवी 1.019. डॉक्टरांनी काही आठवड्यांनी सगळं पुन्हा तपासलं, लघवीतलं प्रोटीन मोजलं, ब्लड प्रेशर घेतलं, सोनोग्राफी केली. आजार सुरुवातीलाच सापडला. कागदावरचा प्रत्येक रक्ताचा आकडा ‘नॉर्मल’ असताना सापडला!

साखरेबाबतही घाई नको. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर दवाखान्यात 200च्या वर सहज जाते. मधुमेह आहे का, हे फ्रुक्टोसामीननं कळतं. ते मागच्या एक ते तीन आठवड्यांचा अंदाज देतं. घरी घेतलेल्या लघवीत साखर आहे का, हेही बघावं.

मांजर खूप खातंय आणि तरी वाळतंय, तर थायरॉइडसाठी टी-फोर तपासायलाच हवं. वाढलेलं थायरॉइड किडनीतून रक्त जोरानं खेळवतं आणि किडनीचा आजार झाकून टाकतं. म्हणून थायरॉइडचे उपचार सुरू झाल्यावर किडनीची तपासणी पुन्हा करतात.

लघवी घेण्याची खात्रीची पद्धत म्हणजे डॉक्टरांनी सुईनं थेट मूत्राशयातून घेणं. घरी घ्यायची तर ट्रे स्वच्छ धुऊन त्यात मातीऐवजी धुतलेले मत्स्यालयातले खडे घालावेत आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवावा. फ्रीजमध्ये राहिलेल्या लघवीत नंतरही स्फटिक तयार होतात आणि नसलेला खड्याचा त्रास दिसतो. तपासणीच्या पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजरात भरवशाचा नाही. त्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नये.

मांजरानं दहावं वर्ष ओलांडलं की वर्षातून एकदा तरी, जमलं तर दर सहा महिन्यांनी, रक्त, लघवी, वजन आणि ब्लड प्रेशर एकाच वेळी तपासून घ्या. शक्यतो एकाच लॅबमध्ये. सगळे रिपोर्ट एका फायलीत तारखेनुसार लावा आणि दर वेळी पूर्ण फाइल डॉक्टरांपुढे ठेवा. आणि पुढच्या वेळी फक्त रक्त घेतलं, तर न संकोचता विचारा: “डॉक्टर, लघवी कधी तपासायची?”