गुप्तरोग, कारागृहातील तरुणांमधील

मुख्यत्वे लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या सांसर्गिक रोगांना गुप्तरोग म्हणतात. उपदंश (गरमी), परमा, मृदुव्रण, क्लॅमिडियाजन्य विकार, जननेंद्रियांवरील नागीण, यकृतशोथ-बी व एचआयव्ही संसर्ग हे त्यांतील प्रमुख होत. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये १८ वर्षांखालील मुलांना कारागृहात ठेवता येत नाही; म्हणून येथे तरुण म्हणजे १८ वर्षांवरील नवतरुण बंदी अभिप्रेत आहेत. त्यांच्या बाबतीत मुख्य अडचण अशी, की बंदिवास पुष्कळदा अल्पकाळाचा असतो, तर रोग दीर्घकाळ सुप्त राहू शकतो. भारतात २०२२ अखेर सु. ७६ टक्के बंदी न्यायाधीन होते व ते केव्हाही जामिनावर सुटू शकत होते.

प्रसार : पुष्कळ तरुण संसर्ग बाहेरूनच घेऊन येतात. परम्याची लक्षणे पुरुषांत बहुधा २ ते ७ दिवसांत दिसतात. उपदंशाचा परिपाककाल मात्र सु. १० ते ९० दिवसांचा असतो. उपदंशाचा पहिला व्रण वेदनारहित असून उपचाराविनाही काही आठवड्यांत भरून येतो. त्यामुळे रोगी बरा झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात जंतू शरीरात कायम असतात. कारागृहात समलिंगी संबंध, बळजबरी, तसेच गोंदण्याच्या वा अंमली पदार्थ टोचण्याच्या सामाईक सुया यांतून काही रोगांचा नवा प्रसार होतो. गर्दीमुळे तरुणांना वेगळे ठेवणे व त्यांच्यावर देखरेख करणे कठीण होते. भारतातील पाहण्यांत बंद्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण सर्वसाधारण प्रौढांपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळले आहे.

कायदेशीर बाजू : १८९४ च्या कारागृह अधिनियमाने प्रवेशानंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी करण्याची व २१ वर्षांखालील पुरुष बंद्यांना इतरांपासून अलग ठेवण्याची तरतूद केली. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात निरोध देण्यास प्रशासनाने नकार दिल्यावर एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेने भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. प्रौढांमधील संमतीचे खाजगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमातून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असे कलमच नाही. परिणामी प्रौढ पुरुषावरील बलात्कारासाठी स्वतंत्र तरतूद उरलेली नाही. बळजबरीला बळी पडलेल्या तरुण बंद्याच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे.

निदान व चिकित्सा : प्रारंभिक उपदंशावर बेंझाथीन पेनिसिलिनाचे २४ लाख एककांचे एक अंतःक्षेपण सामान्यतः पुरेसे असते. परम्याचे जंतू पेनिसिलिनास रोधक बनल्याने त्यावर सेफ्ट्रिॲक्झोन किंवा सेफिक्झीम देतात. एचआयव्हीवरील औषधे मात्र आजन्म घ्यावी लागतात. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एचआयव्हीची चाचणी नकारात्मक येऊ शकते. म्हणून प्रवेशसमयीची एकच चाचणी निर्णायक मानता येत नाही. बळजबरी झाल्यास एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करणे आवश्यक असते. यकृतशोथ-बीवर लस उपलब्ध आहे.

गोपनीयता व सातत्य : एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ प्रमाणे चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती व निष्कर्षाची गोपनीयता बंधनकारक आहे. बराकीत रोगाची वाच्यता झाल्यास तरुणाचा छळ होतो व इतर बंदी तपासणीस पुढे येत नाहीत. सुटकेनंतरचा टप्पाही तितकाच महत्त्वाचा आहे. उदा., १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात सुटलेला तरुण सेनगाव वा कळमनुरी तालुक्यातील गावी परततो, किंवा ऊसतोडणीसाठी दूरच्या जिल्ह्यात जातो. त्याच्याजवळ उपचारपत्र, काही दिवसांची औषधे व नजीकच्या सरकारी केंद्राचा पत्ता नसेल, तर चिकित्सा खंडित होते. जोडीदारावर उपचार झाले नाहीत, तर पुन्हा संसर्ग होतो आणि पत्नी गरोदर असल्यास उपदंश गर्भापर्यंत पोहोचतो. बंद्यांना समाजातील इतरांइतकीच आरोग्यसेवा मिळावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील तत्त्व आहे. त्यानुसार कारागृहातील तपासणी ही शिक्षेचा वा पाळतीचा भाग नसून सार्वजनिक आरोग्यसेवेचाच भाग ठरते.