दरीदरीतली गोगलगाय

शंख गोळा करणारा माणूस साधारणपणे देखणा, दुर्मीळ नमुना शोधतो. हेन्री क्रॅम्प्टन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांना मात्र एकेका जातीचे हजारो शंख हवे होते. 1906 पासून त्यांनी प्रशांत महासागरातल्या ताहिती, मोरेआ या बेटांच्या मोहिमा काढल्या, दऱ्याखोरी पायी तुडवली आणि ‘पार्टुला’ ही झाडावरची गोगलगाय वेचली.

पार्टुला जेमतेम दोन सेंटीमीटरची. पानाच्या मागच्या बाजूला चिकटून राहणारी, अंडी न घालता इवल्याशा शंखासकट पिल्लालाच जन्म देणारी. इतक्या मंद प्राण्याला डोंगराची धार ओलांडणं अवघड. त्यामुळे शेजारच्या दोन दऱ्यांतही शंखाची लांबी, रंग, पट्टे निराळे. कुठे कुठे तर वेटोळंही उलट दिशेला वळलेलं. क्रॅम्प्टन यांनी शंख दरीवार वेगळे ठेवले, मोजले, सरासऱ्या काढल्या. ताहितीवरचा त्यांचा ग्रंथ 1916 मध्ये आला, मोरेआवरचा 1932 मध्ये. परिस्थिती सारखी असली तरी एकमेकांपासून तुटलेले जीव वेगळे होत जातात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं.

पुढे आफ्रिकेतली मोठी गोगलगाय या बेटांवर पोचली आणि पिकं खाऊ लागली. तिच्यावर उतारा म्हणून ‘युग्लँडिना’ ही मांसाहारी गोगलगाय 1974 मध्ये ताहितीत आणि 1977 मध्ये मोरेआत सोडण्यात आली. ती चिकट माग काढत भक्ष्य गाठते. तिने पार्टुलाच गाठली. दहा वर्षांत मोरेआच्या रानातून पार्टुला जवळजवळ नाहीशी झाली. त्याआधी प्रयोगशाळांत नेलेल्या गोगलगायींमुळे काही जाती तगल्या. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या पार्टुला 2015 पासून पुन्हा रानात सोडल्या जात आहेत.

हीच आफ्रिकी गोगलगाय आपल्याकडची शंखी गोगलगाय. 2022 मध्ये मराठवाड्यात तिने सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात अंथरायची, सकाळी त्यांखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा उपाय कष्टाचा आहे. पण परका शिकारी आणण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा. कारण सह्याद्रीतही इतरत्र कुठेच न सापडणाऱ्या गोगलगायी आहेत. त्यांची दरीवार मोजदाद आत्ताच व्हायला हवी. मोरेआने काय गमावलं हे आज नेमकं सांगता येतं, ते क्रॅम्प्टन यांनी पार्टुला मुबलक असतानाच मोजून ठेवली म्हणून.